सहा पाखांचं छप्पर

चारी बाजूंनी उघड्या बैठकीवर छप्पर घालणं हे घरावर छप्पर घालण्यापेक्षा अवघड काम आहे. घराला भिंती असतात. वारा भिंतीवर आपटतो आणि बराचसा तिथंच जिरतो. बागेतल्या गझिबोला नुसते खांब. वारा एका अंगानं आत शिरतो, वर चढायला वाट शोधतो आणि छपराला खालून ढोसतो. त्याच वेळी वरून सरसरत जाणारा वारा त्याला ओढून घेतो. म्हणून अशा छपराचा विचार करताना ते पडेल का, हे नंतर बघायचं. ते उडेल का, हे आधी. सुतारकामात माझी हयात गेली, पण हा हिशेब मुळापासून मांडायची वेळ आली ती आमच्या राहूतल्याच एका बागेत.

राहू म्हणजे दौंड तालुक्यातलं बेट. एकीकडून मुळा-मुठा, दुसरीकडून भीमा, आणि वाळकीजवळ दोघींचा संगम. नदीकाठची काळीभोर जमीन, नजर जाईल तिथवर ऊस आणि उसामागोमाग गुऱ्हाळं. पाऊस मात्र बेताचा. सह्याद्रीनं अडवून उरलेला, वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. एवढ्याशा पावसाला छप्पर कसलं जपायचं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण आमच्याकडं छपराचा वैरी आषाढ-श्रावण नाही, वैरी आहे वळीव. एप्रिल-मे महिन्यात दुपारभर अंग भाजतं, उन्हं कलता कलता आभाळ काळं होतं, धुळीचा लोट उठतो आणि घटकाभरात गोठ्यांचे पत्रे लांब कुणाच्या तरी उसात जाऊन पडलेले असतात. कधी जोडीला गारा. वर्षभर नीट उभं असलेलं छप्पर त्या घटकाभरात निकालात निघतं.

ज्यांचं हे काम, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. ऊस आहे, स्वतःचं गुऱ्हाळ आहे आणि विहिरीशेजारी निगुतीनं राखलेली बाग आहे. आंबे, चिक्कू, एक जुना सोनचाफा. गुऱ्हाळावर गूळ आणि काकवी न्यायला माणसं येतात, सुट्टीत पुण्याहून नातवंडं येतात; त्यांना बसायला सावलीची जागा हवी होती. आबांच्या मोबाइलमध्ये गोव्याकडच्या कुठल्याशा रिसॉर्टचा फोटो होता. गवतानं शाकारलेली गोल, झुबकेदार छत्री.

"मिस्त्री, हे असंच पायजे आपल्याला. पाचटाला काय तोटा हाय आपल्याकडं?"

तोटा नाही, हे खरंच. माझ्या वडिलांची निम्मी मजुरी पाचटाची छपरं शाकारण्यातच गेली. बाभळीच्या मेढी, वेळूचे वासे, वर उसाचं पाचट आणि बांधायला केकताडाचा वाख. खिळा नावालाही नसे. उतार इतका उभा ठेवायचे की पाखावर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर, माणूस उभा राहू नये. पाणी पाचटावर रेंगाळलं की पाचट कुजलं, एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते बरोबर होतं. गवताच्या छपराला निदान ४५ अंशांचा उतार हवा, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. पण असं छप्पर दोन-तीन पावसाळे काढतं. दरसाल मिरगाच्या आधी डागडुजी आणि तिसऱ्या वर्षी नवी शाकारणी, हे घरात हक्काची माणसं होती तोवर चाललं. आता शाकारणारा हातच उरलेला नाही. ऊसतोडीला बीडकडून, नगरकडून येणाऱ्या टोळ्या अजून पाचटाच्या कोप्या उभ्या करतात, पण त्यांना त्या फक्त हंगामापुरत्या लागतात, आणि त्यांच्याही कोप्यांवर आता ताडपत्री आली आहे.

शिवाय बाग गुऱ्हाळाला लागून. चुलाणात चिपाडं पडली की धुराड्यातून ठिणग्या बाहेर येतात. आबांनी पाचटाची गोष्ट काढली तेव्हा मी त्यांना गुऱ्हाळाच्या धुराड्याकडं बघायला लावलं. गोव्याच्या त्या छत्रीला समुद्र शेजारी होता, आपल्याला चुलाण शेजारी आहे. आबा काही बोलले नाहीत, पण तो फोटो त्यांनी पुन्हा दाखवला नाही. आणि खरं सांगायचं तर पाचटाची जागा आता रानातच आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे लोक शेतकऱ्यांना पाचट पेटवू नका, सरीत कुजवा, असं सांगत आले आहेत. ज्यांनी ऐकलं त्यांच्या जमिनीचा पोत बदललेला मी पाहिला आहे.

मग पर्याय निघाले. प्लॅस्टिकचं गवत मिळतं, दिसायला हुबेहूब; ते मी आमच्या उन्हात दुसऱ्याच वर्षी पांढुरकं पडलेलं बघितलं आहे. प्लायवूडवर चिकटवायची डांबरी शिंगल्स नीट बसवली तर चांगली, पण खालचा प्लाय एकदा ओला झाला की वरून काही कळत नाही आणि आतून सगळं फुगत जातं. रंगीत पत्रा स्वस्त, हलका, एका दिवसात चढणारा. गोठ्याला, शेडला मी स्वतः पत्राच घालतो. पण बैठकीला नको. मे महिन्यात त्याखाली बसवत नाही, पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि त्याचं हलकेपण हाच आमच्या वाऱ्यात त्याचा मोठा दोष.

मी मंगलोरी कौलाच्या बाजूचा. हे कौल आपल्या घरांवर इतकं रुळलं आहे की ते बाहेरून आलं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. बासल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात त्याचा कारखाना काढला. तिथल्या नदीकाठची चिकणमाती, साच्याचा दाब आणि भट्टी. त्याआधी आपल्याकडं नळीची कौलं होती. ती नुसती एकावर एक पालथी-उताणी ठेवलेली, मांजर पळालं तरी सरकायची आणि दरसाल चाळायला लागायची. मंगलोरी कौलाला कडेनं खाचा असतात, एक दुसऱ्यात अडकतं. खाली रिपेला धरायला नाक असतं आणि त्या नाकाला बहुतेक वेळा तारेसाठी भोकही असतं. ते भोक घरावरच्या छपराला फारसं कुणी वापरत नाही. माझ्या कामात त्याच भोकावर सगळी भिस्त होती.

"जड पडंल की ओ," आबा म्हणाले. "खांब तोलतील का?"

जड पडतंच. सहा खांबांच्या वर्तुळाची त्रिज्या सात फूट आणि वळचण चहूकडं दोन फूट बाहेर धरली, तर ३५ अंशांच्या उतारानं सहा पाखांचं मिळून पावणेतीनशे चौरस फूट छप्पर होतं. चौरस मीटरला पंधरा कौलं लागतात, म्हणजे पावणेचारशेच्या वर. कापाकापीत जाणारी वेगळी. वजन टनभर. तेवढ्याच पाखांवर पत्रा घातला तर सव्वाशे किलोच्या आसपास. आबांना हा फरक तोटा वाटत होता. मला तो फायदा दिसत होता. सरकारी मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. या वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या वर जातो. तो सगळाच्या सगळा छपराला खालून लागला असं धरलं, तर आमच्या छपराला वर ढकलणारा जोर दोन टनांच्या जवळ येतो. यवतच्या एका तरुण इंजिनिअरकडून मी हे तपासून घेतलं. कौलं एक टन आणि लाकूड अर्धा-पाऊण टन मिळून त्यातला बराच भार जागच्या जागी तोलतात. उरलेल्यासाठी छप्पर पायाशी बांधायचं. पत्रा घातला असता तर निम्म्याहून जास्त ओझं बोल्टांवर आलं असतं.

कौलं जुनी घेतली. यवतच्या बाजूला एक कौलारू घर उतरवत होते, तिथली. जुनी कौलं घ्यायची तर एकाच घराची आणि एकाच छापाची घ्यावीत. प्रत्येक कारखान्याचा साचा सूतभर वेगळा असतो. दोन छापांची कौलं शेजारी आली की खाचा बसत नाहीत आणि तिथूनच पाणी उतरतं. प्रत्येक कौल एका हातात टांगतं धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं वाजवायचं. पक्कं कौल घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं भद्द बोलतं. शेवाळ वाजण्याच्या आड येत नाही, ते ब्रशनं निघतं. वाजवून वाजवून आम्ही रास वेगळी केली आणि मग त्यातली डझनभर कौलं जमिनीवर एकात एक अडकवून मांडली. आधी जितकी दाटतील तितकी दाटून माप घेतलं, मग जितकी ताणतील तितकी ताणून. दोन्हींचा मध्य काढून त्यावरून रिपेतलं अंतर काढायचं. पुस्तकात ते साडेबारा इंच असतं. भट्टीत प्रत्येक कौल थोडं वेगळं आकसतं, म्हणून पुस्तकाचं माप न घेता हातातल्या कौलाचं घ्यायचं.

आता पाया. आमच्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगून वर येते. घराचं ओझं मोठं असतं, भिंती एकमेकींना धरून असतात. गझिबोचा एकेक खांब मात्र सुटा. एक खांब बोटभर उचलला की वरच्या सगळ्या जोडांना पीळ बसतो, कोपऱ्याची कौलं उघडतात आणि गळती सुरू होते. मग लोक कौलाला नावं ठेवतात. बागेतल्या छपरांची गळती काढायला मला बोलावतात तेव्हा वर चढण्याआधी मी खांबांना ओळंबा लावतो. निम्म्याहून जास्त वेळा दुखणं तिथंच सापडतं. आबांच्या बागेत सहाही खड्डे मुरूम लागेपर्यंत नेले आणि वर काँक्रीटच्या एकाच कड्यानं सहा जण बांधून टाकले. आसपासचं ठिबक मागं सरकवलं. बागेचं पाणी खांबाच्या बुडाशी मुरू देऊ नये. झाडाला लागतं ते खांबाला सोसत नाही.

खांब सागाचे, जुन्या वाड्याचे, अंगावर थोडी नक्षी असलेले. वाड्यात असा खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर नुसता उभा असायचा. जमिनीची ओल वर चढत नाही, वाळवीला वाट सापडत नाही, आणि वर माळवदाची टनावारी माती असल्यामुळं खांब जागचा हलायचा प्रश्नच नाही. बागेत तळखडा हवाच, पण नुसता ठेवून चालत नव्हतं. पाथरवटाकडून प्रत्येक तळखड्याला मधोमध आरपार भोक पाडून घेतलं. पायातून आलेली जाड सळई त्या भोकातून वर काढली, खांबाच्या पोटात हातभर चढवली आणि आडव्या बोल्टनं जखडली. बाहेरून बघणाऱ्याला वाड्यासारखाच खांब दिसतो.

खड्डे घेण्याआधी षटकोन आखणं हे या कामातलं सगळ्यात आनंदाचं काम. मधोमध खुंटी ठोकायची, सात फुटांच्या दोरीनं वर्तुळ फिरवायचं आणि त्याच दोरीनं वर्तुळावर पावलं टाकत जायचं. सहावं पाऊल बरोबर पहिल्यावर येतं. सहा बाजू सात-सात फुटांच्या. आबांचा नातू दोरीचं दुसरं टोक धरून फिरला आणि शेवटची खूण पहिल्या खुणेवर पडली तेव्हा ओरडला. शाळेत त्याला हे कंपासनं शिकवलं होतं, पण चिखलातून चालत कुणी शिकवलं नव्हतं.

उंचीचा विचार बहुतेक जण खांबापुरता करतात. खांबांच्या डोक्यावरची चौकट आठ फुटांवर धरली, तर दोन फूट बाहेर आणि ३५ अंशांनी खाली उतरलेली वळचण साडेसहा फुटांवर येते. फेटा बांधलेला माणूस ताठ आत येऊ शकत नाही. चौकट साडेआठवर नेली, तेव्हा वळचण सातवर आली. वळचण आखूड करून हा प्रश्न सुटला असता, पण मग तिरपा पाऊस बाकांवर आला असता, खांबांची बुडं भिजली असती आणि संध्याकाळचं ऊन थेट तोंडावर. शिवाय आखूड वळचणीचं छप्पर दिसायलाही टोपी आखडल्यासारखं दिसतं. रुंद वळचण आणि उभा उतार टिकण्यासाठी लागतो आणि डोळ्यालाही तोच बरा दिसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून गिऱ्हाईक जेव्हा "दिसायला चांगलं करा, मजबुतीचं नंतर बघू" म्हणतं तेव्हा मी काम घेत नाही.

सहा कोपऱ्यांवरून सहा वासे शेंड्याकडं जातात. पाखाचा उतार ३५ अंश ठेवला तरी कोपऱ्याचा वासा लांबून येतो, त्याचा उतार ३१ अंशच भरतो. म्हणजे दोन पाखांचं पाणी जिथं वेगळं होतं, नेमका तिथं छपराचा सगळ्यात निजलेला भाग. मंगलोरी कौलाला ३० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. पाख ३० चं धरलं असतं तर कोपरा २६-२७ वर आला असता. पाखाचा आकडा बघून समाधान मानणाऱ्यांची छपरं कोपऱ्यातच का गळतात, त्याचं उत्तर यात आहे.

या सहा वाशांचं वजन चौकटीला बाहेर ढकलत असतं. छप्पर खाली बसायला बघतं, खांब बाहेर फाकायला बघतात. म्हणून चौकटीच्या सहा तुळयांचे जोड नुसत्या कुसवावर ठेवले नाहीत, प्रत्येक जोडाला आतून लोखंडी पट्टी आणि आरपार बोल्ट दिला. वर शेंड्याशी सहा बाजू तासलेला सागाचा ठोकळा, त्यात सहाही वाशांची टोकं. वासे चढवताना समोरासमोरचे दोन एकदम चढवायचे. एकटा चढवलेला वासा ठोकळ्याला कलवतो आणि मग तो सरळ होत नाही.

वाशांवर थेट रिपा मारून कौलं घालता आली असती. पण मग खालून येणारा वारा प्रत्येक कौलाला वेगवेगळं उचलत राहिला असता. म्हणून वाड्यातल्यासारखी तक्तपोशी केली. वाशांवर फळ्या, फळ्यांवर पाणी रोखणारा कागद, त्यावर उतारानं जाणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर आडव्या रिपा. उभ्या पट्ट्यांमुळं रिपा कागदापासून वर उचलल्या जातात. चुकार पाणी आत आलंच तर रिपेला न अडता खाली वळचणीत जातं, आणि कौलाखालून हवा फिरत राहते. वारा आता फळ्यांवर आपटतो. फळ्या वाशांना, वासे चौकटीला, चौकट खांबांना आणि खांब पायाला धरून आहेत.

तक्तपोशीवर मी जितका वेळ दिला तितका कौलांवर दिला नाही. गझिबोचं छप्पर लांबून कौलांचं दिसतं, पण त्यात बसणारा माणूस तासन्‌तास बघतो ती खालची बाजू. बाकावर टेकून मान वर केली की सहा त्रिकोण एका बिंदूकडं निघालेले दिसतात. फळ्या प्रत्येक त्रिकोणात वळचणीला समांतर बसवल्या, म्हणजे शेजारच्या दोन त्रिकोणांतल्या फळ्या कोपऱ्याच्या वाशावर तिरप्या कापून एकमेकींना भेटतात. त्या भेटीची रेघ सहाही ठिकाणी वळचणीपासून शेंड्यापर्यंत सरळ जायला हवी. फळी दोरभर कमीजास्त झाली तर ती रेघ वर जाता जाता तुटते, आणि एकदा नजरेला ते दिसलं की दुसरं काही दिसत नाही. फळ्या जुन्या सागाच्या, रंधा मारल्यावर आतून मधासारख्या निघाल्या. पॉलिश नको, असं मी आबांना सांगितलं, नुसतं तेल. पॉलिशचा पापुद्रा उन्हानं सुटतो, तेल लाकडात मुरतं आणि पुढल्या वर्षी पुन्हा देता येतं.

कौलं घालताना प्रत्येक पाखाची मधली रेघ सुतानं मारली आणि मांडणी तिच्यावरून धरली, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांवर सारखे तुकडे येतात. त्रिकोणी पाखात प्रत्येक ओळीला दोन्ही टोकांची कौलं कापावी लागतात. कौल आधी पाण्यात भिजवायचं, मग ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून कापायचं. कोरडं कापलं तर कडा झडते आणि धुरळा फुप्फुसात जातो. कापलेल्या तुकड्याचं नाक बहुतेक वेळा कापण्यात जातं, मग तो रिपेला धरणार कशानं? प्रत्येक तुकड्याला भोक पाडून तार ओवली. वळचणीच्या दोन ओळी, कोपऱ्यालगतची सगळी आणि शेंड्याजवळची सगळी कौलं तारेनं रिपेला बांधली. मधल्या भागात एकाआड एक ओळ. पोरं कंटाळतात या कामाला, कारण झाल्यावर यातलं काहीच दिसत नाही. मी स्वतः प्रत्येक तारेला पीळ देऊन बघत गेलो.

कोपऱ्यांवरच्या कोन्याच्या कौलांना हल्ली सरसकट सिमेंट थापतात. सिमेंट कडक, कौल तापून निवून सतत हलणारं. एक-दोन उन्हाळ्यांत दोघांमध्ये केसभर चीर पडते आणि पाणी त्याच चिरेतून आत जातं. मी चुना घेतला. कळीचा चुना विरवून मुरत ठेवला, त्यात विटांची सुरखी मिसळली, आणि मळायला गुळाचं पाणी. जुन्या वाड्यांत, किल्ल्यांत चुन्यात गूळ घालत. त्यानं चुना चिवट होतो आणि सावकाश धरतो. राहूत बसून गूळ विकत आणायची गरज नव्हती. आबांच्या गुळव्यानं काहिलीत कडेला लागलेला करपट गूळ काढून ठेवला होता, जो बाजारात गेला नसता.

"मुंग्या न्हाई का लागायच्या?" आबांनी विचारलं.

चुन्यात मुरलेल्या गुळाला मुंगी तोंड लावत नाही. निदान आमच्या घराण्यानं चुना मळला तेव्हापासून लागलेली कुणी पाहिली नाही. चुना ओला असताना आठवडाभर त्यावर भिजलेली पोती टाकली. उन्हानं चुना लवकर सुकला की त्याचं पीठ होतं.

शेंडा उरला होता. सहा कोपरे एका बिंदूत येतात तिथं कौल कसंही कापा, फट राहतेच. पुण्याला कसब्यात तांबट आळी आहे. तिथून तांब्याच्या पत्र्याची सहा पाकळ्यांची टोपी ठोकून घेतली. तांबटांचं मठारकाम आपण बंबावर, हंड्यावर पाहतो. ते ठोके नुसते शोभेचे नसतात, त्यानं पातळ तांबं कडक होतं आणि वाऱ्यात थरथरत नाही. टोपीच्या पाकळ्या कोपऱ्यांवर चांगल्या हातभर खाली उतरवल्या, वर एक छोटा कळस. या टोपीखालच्या तारा मात्र तांब्याच्याच घेतल्या. तांबं आणि जस्ताची तार ओल्यात एकमेकांना लागली की जस्त खाऊन जातं आणि तार तुटते. तांब्यावरून ओघळलेलं पाणी खालच्या जस्ती पत्र्यालाही खातं. म्हणून अशा छपराच्या वळचणीला जस्ती पन्हळ लावू नये. आम्ही पन्हळ लावलीच नाही. पागोळ्या जिथं पडतात तिथं नदीतल्या गोट्यांचा पट्टा केला, त्याखाली चर, आणि ते पाणी सोनचाफ्याकडं नेलं.

पहिला वळीव चैत्रात आला. आबांचा फोन आला तेव्हा मी पारगावच्या कामावर होतो. "गोठ्याचा पत्रा गेला," एवढंच ते म्हणाले, आणि मी गाडी काढली. गोठ्याची एक बाजू उघडी पडली होती, केळी आडव्या झाल्या होत्या. गझिबोवर गारांनी दोन कौलं फोडली होती, एक पूर्वेच्या पाखावर आणि एक अगदी वळचणीला. वळचणीचं फुटलेलं कौल तारेला लोंबत होतं, पडलं नव्हतं. खाली नातवंडं असती तरी डोक्यात आलं नसतं. तक्तपोशी कोरडी होती. ती दोन कौलं मी तिथल्या तिथं बदलली आणि मग गोठ्याच्या पत्र्याला लागलो.

आबांना मी सांभाळायचं सगळं सांगून ठेवलं आहे. होळी झाली की एकदा शिडी लावून तारा बघायच्या, गंजलेली दिसली की त्याच दिवशी बदलायची. दिवाळीनंतर कौलांवर साचलेला पालापाचोळा झाडायचा, कारण ओला पाला खाचेत बसला की पाणी उलटं चढतं. तक्तपोशीला दर दोन वर्षांनी तेल द्यायचं. चुन्याला केसभर चीर दिसली तर सिमेंट लावायला कुणाला बोलवायचं नाही, मला बोलवायचं. आणि उरलेली शंभरेक कौलं गुऱ्हाळाच्या मागं उभी रचून ठेवली आहेत, आडवी नाहीत. आडव्या राशीतली खालची कौलं ओझ्यानं तडकतात. हा छाप आता बाजारात मिळत नाही. त्यामुळं गावात कुणी दोन-चार मागायला आलं तरी द्यायची नाहीत, हे आबांना सांगितलं आहे, आणि आबा द्यायला गेले तर अडवायचं, हे त्यांच्या नातवाला.